सिक्कीमची टिकली

पिंपळगाव बसवंतात हायवेच्या कडेला उभं राहून कुणालाही विचारा, गोरक्षने किती राज्यं पाहिली? उत्तर येईल, सगळी. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. हे उत्तर एका राज्याने चुकीचं आहे. ते राज्य म्हणजे सिक्कीम, आणि ही गोष्ट गोरक्ष सोडला तर फक्त त्याचा जुना दोस्त शौकत याला ठाऊक होती.

‘पाहिली’ हा शब्दही तसा सैलच आहे म्हणा. चौतीस वर्षं कांद्या-द्राक्षाचा ट्रक चालवून माणूस पाहून पाहून काय पाहणार? आग्रा म्हटलं की लोकांना ताजमहाल आठवतो. गोरक्षला तिथल्या मंडईचं मागचं गेट आठवतं, कारण पुढच्या गेटातून दहा चाकी गाडी वळत नाही. केरळात समुद्र आहे हे त्याला ऐकून माहीत. मणिपूरचा भात चांगला आणि झारखंडातले हमाल शिस्तीचे, ही त्याची प्रवासवर्णनं. तरी तो मोजायचा, आणि मनापासून मोजायचा. बाहेरच्या खोलीत भारताचा शाळेतला नकाशा टांगलेला होता. एकेक राज्य झालं की त्यावर एक लाल टिकली लागायची. टिकल्या लंकाबाईच्या पाकिटातल्या. ही लंकाबाई म्हणजे गोरक्षची बायको. तो फेरी करून आला, आंघोळ झाली, जेवण झालं, की ती विचारायची, नवं काही हाय का? असेल तर पाकीट काढायची आणि स्वतः टिकली लावायची. घरातलं हे काम तिचं होतं.

कुठलं राज्य धरायचं आणि कुठलं नाही, याचे नियम मात्र शौकतने केलेले. शौकतही आधी ड्रायव्हरच. दोघांनी कितीतरी फेऱ्या मागेपुढे गाड्या लावून केल्या. पाठीने दगा दिल्यावर त्याने हायवेला टायरचं दुकान टाकलं आणि तिथे बसून सगळ्या ड्रायव्हरांचा न्यायनिवाडा करू लागला. त्याचा नियम सरळ होता. नुसतं राज्यातून गाडी गेली तर ते राज्य धरायचं नाही. माल तिथे उतरला पाहिजे आणि घेणाऱ्याने पोहोचपावतीवर सही केली पाहिजे, तर ते राज्य. या नियमापायी गोरक्षचे हाल झाले. दोन हजार साली एकदम तीन नवी राज्यं निघाली. रायपूर, रांची, हल्द्वानी, तिन्हीकडे गोरक्ष आधी जाऊन आलेला. पण शौकत म्हणाला, तू गेलास तेव्हा ते मध्य प्रदेश, बिहार आणि यूपी होतं, नवं राज्य पाहिजे तर नव्याने जा. गोरक्ष गेला. पुढे तेलंगणाच्या वेळीही तेच. काश्मीरचं राज्याचं केंद्रशासित झालं तेव्हा तर हातातलं एक गेलं. त्यावर आठवडाभर दुकानात खल झाला आणि अखेर ती टिकली नकाशावर राहू द्यायची, पण मोजायची नाही असं ठरलं. इतक्या कडक माणसाने सिक्कीमच्या टिकलीकडे बघून एकदाही तोंड उघडलं नाही, यातच काय ते आलं. कारण सिक्कीमचा कांदा खाली सिलीगुडीलाच उतरतो. तिथून वर तो छोट्या गाड्यांतून जातो. दहा चाकी गाडी घेऊन पिंपळगावचा ड्रायव्हर गंगटोकला कशाला जाईल, हे तिकडच्या फेऱ्या केलेल्या शौकतला वेगळं सांगायला नको होतं.

ती टिकली गोरक्षने लावलेली नव्हती. लावायला सांगितलीही नव्हती.

दोन हजार एक सालचा श्रावण होता. गोरक्ष कांदा घेऊन सिलीगुडीला गेला तेव्हा लंकाबाईला सातवा महिना होता. मोठी उज्वला बारा वर्षांची. तिच्यानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा काही हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेचं तर गोरक्षने स्वतःच्या हाताने फडक्यात गुंडाळून नेलं होतं. या वेळी सगळे जपून होते. सिलीगुडीत माल उतरला त्याच दिवशी संध्याकाळी एजंटाच्या मुनिमाने त्याला हाक मारली. नाशिकहून फोन होता. लंकाबाईचा भाऊ कारभारी याने ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात निरोप दिला होता, तो तिथून इथवर आला. मुलगा झालाय, सातव्या महिन्यात, वजन सव्वा किलो, काचेच्या पेटीत ठेवलाय, ताबडतोब निघा. ट्रकचा मालक भला माणूस. गाडी एजंटाच्या आवारात सोडून रेल्वेने ये, दुसरा ड्रायव्हर पाठवतो, असंही त्याने कळवलं होतं.

गोरक्ष निघाला नाही.

त्याला कारण विचारलं असतं तर त्याने चहाचं सांगितलं असतं. परतीचा चहाचा माल दोन दिवसांत मिळणार होता. गोरक्षने आयुष्यात कधी रिकामी गाडी घरी आणली नव्हती आणि परक्या ड्रायव्हरच्या हाती तर मुळीच दिली नव्हती. ड्रायव्हर लोकांत हे कारण चालतं, मोठं मानलं जातं. पण खरं कारण ते नव्हतं. त्याला भीती वाटली. आणखी एकदा ते फडकं हातात घ्यायची भीती. माल आज मिळेल, उद्या मिळेल करता करता आठ दिवस गेले. रोज तो एजंटाकडे जाऊन मालाची चौकशी करायचा आणि नाही म्हटलं की मनातल्या मनात बरं वाटायचं. नवव्या दिवशी मूल गेलं. बारसं झालं नव्हतं, त्यामुळे नावही नव्हतं.

पंधराव्या दिवशी तो घरी पोचला. लंकाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने काही विचारायच्या आत गोरक्षच्या तोंडातून निघून गेलं की माल थेट वर सिक्कीमला न्यायला लागला, वर दरड कोसळली, रस्ता बंद, दहा दिवस गाडी अडकून पडली, ना फोन ना निरोप. दरडीची गोष्ट त्याने सिलीगुडीत जीपवाल्यांकडून ऐकली होती. आणि निरोप सिलीगुडीला पाठवला एवढंच कारभारीला माहीत होतं, तो गोरक्षच्या कानावर पडला की नाही हे नाही. लंकाबाईने ऐकून घेतलं आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. रडता रडता त्या रस्त्याला शिव्या देत होती. पुढे महिनाभराने तिनेच पाकीट काढलं आणि सिक्कीमवर टिकली लावली. एवढं भोगलंत तिथं, तर मोजा तरी, म्हणाली. गोरक्ष नकाशाकडे पाठ करून चहा पीत होता.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. गोरक्ष घरी बसून सहा वर्षं झाली. लंकाबाई अजून द्राक्षाच्या पॅकहाऊसला जाते. डोक्याला जाळीची टोपी घालून, बारीक कात्रीने घडातले वाईट मणी काढून, अर्ध्या अर्ध्या किलोचे डबे भरते. तिने भरलेली द्राक्षं परदेशातल्या दुकानांत जातात. ती स्वतः महाराष्ट्र सोडून एकदाच बाहेर गेली. सुरगाण्याला लग्नाला गेली होती, तेव्हा वऱ्हाडाच्या जीपने सापुताऱ्याला चक्कर मारली. तिथे भजी खाल्ली आणि परत. तिची दोनच राज्यं, आणि ती तिने कधी मोजली नाहीत.

यंदा द्राक्षाचा हंगाम संपला आणि उज्वला नाशिकहून आली. ती बँकेत आहे. आईवडिलांना एकदा विमानाने कुठेतरी न्यायचं, असं तिच्या डोक्यात कधीपासून होतं. तिने मोबाइलवर केरळ दाखवलं, राजस्थान दाखवलं. म्हणाली, बाबांनी सगळं पाहिलंय, तेव्हा आई म्हणेल तिकडे. लंकाबाईने मोबाइलकडे नीट पाहिलंही नाही. सिक्कीम, म्हणाली.

त्यानंतरचे आठ दिवस गोरक्षने जे काही केलं ते पाहून हसावं की काय करावं ते कळत नाही. तिकडे थंडी फार, असं त्याने सांगितलं. लंकाबाईने स्वेटर काढून धुवून टाकला. तिकडे श्वास लागतो, म्हणाला. उज्वलाने डॉक्टरला विचारून आईची तपासणी करून घेतली. भाकरी मिळत नाही, म्हणाला. लंकाबाई म्हणाली, मग भात खाईन. शेवटी त्याने सरळ विचारलं की सगळा देश सोडून तिकडंच का? ती तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने वर न पाहता सांगितलं की तिला तो रस्ता पाहायचाय, तो अडकला होता तो.

तिकिटं निघाली. ओझरहून दिल्ली, दिल्लीहून बागडोगरा. बागडोगरा म्हणजे सिलीगुडीच, हे गोरक्षला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो शौकतकडे गेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चोवीस वर्षांत या विषयावर दोघांत हे पहिलंच बोलणं. शौकतने सगळं ऐकलं, हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, यात घाबरायचं काय? तिकडे डोंगर आहेत, वळणं आहेत, दरडी तर दर पावसाळ्यात पडतात. एखादं वळण दाखव, इथंच अडकलो होतो म्हण. वळण काही उठून बोलणार नाही.

“भाभी बघंल, परत येईल,” शौकत म्हणाला, “और बात खतम. इतके बरस झाकलं ना, आणखी एक दिन झाक.”

गोरक्षला एकदम हलकं वाटलं. घरी येऊन त्याने उज्वलाच्या मुलीचा, नातीचा, घरी पडलेला जुना मोबाइल घेतला आणि सिक्कीमच्या रस्त्याचे व्हिडिओ बघत बसला. चौतीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस, रस्ता निवडायचा म्हटल्यावर त्यातही त्याने हयगय केली नाही. सिक्कीमच्या वेशीवरच्या रंगपो गावापुढचं एक वळण त्याला पसंत पडलं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खडा डोंगर, गाडी बाजूला घ्यायला जागा, आणि डोंगराची माती इतकी भुसभुशीत की दरड तिथेच कोसळावी. दोन दिवस त्याने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. आपण कुठे झोपत होतो, पाणी कुठून आणत होतो, जेवणाचं काय, सगळं जुळवलं. इतकं जुळवलं की दुपारी डोळा लागला तेव्हा तो खरंच त्या वळणावर अडकलेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई गच्चीवर कुरडया घालत होती. गोरक्ष तिला चीक आणून देत होता, आणि ती सोऱ्या फिरवून कापडावर गोल गोल कुरडया टाकत होती. टाकता टाकता तिने विचारलं, तिकडं नारळ मिळतो का, की इथूनच न्यायला लागंल? गोरक्षने विचारलं, नारळ कशाला?

“त्या रस्त्याला लय वाईट बोलले मी,” ती म्हणाली. “येवढी वर्षं. उठता-बसता. आता वय झालं, आनखी किती दिवस मनात धरून ठिवायचं? तिथं जाऊन नारळ फोडते आन् सोडून देते. त्याला तरी काय, पाऊस पडला तर दरड कोसळनारच. माफ करून टाकते.”

गोरक्षच्या हातात चिकाचं पातेलं होतं. ते त्याने खाली ठेवलं. तिने वळण पाहिलं असतं, दोन अश्रू गाळले असते, तर ते त्याला निभावून नेता आलं असतं. तशी तयारी झाली होती. पण ती भर रस्त्यात वाकणार, उन्हात, भाडोत्री गाडीतली चार माणसं बघत असताना, आणि ज्याने तिचं काही वाईट केलेलं नाही अशा मातीच्या वळणाला माफ करणार, आणि आपण शेजारी नारळाची शेंडी सोलत उभे राहणार. हे आपल्याच्याने होणार नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. आपली लाज वाटली, आणि तिची दया आली.

“तो रस्ता बंद नव्हता,” तो म्हणाला. “मी त्या रस्त्यावर गेलोच नाय. सिक्कीममंदी कधीच गेलो नाय. सिलीगुडीतच व्हतो.”

सोऱ्याची मूठ फिरत राहिली. कुरडई पूर्ण झाली तेव्हा लंकाबाईने विचारलं, निरोप कधी मिळाला?

“त्याच दिवशी. सांजच्याला.”

“आगगाडीनं किती दिस लागत्यात?”

“अडीच. तीन धर.”

तिने सोऱ्यात चीक भरला आणि दुसरी कुरडई टाकायला घेतली. गोरक्षने बाकीचं सगळं सांगितलं. मालक गाडी सोडून ये म्हणाला होता ते, चहाचा माल, भीती, फडकं, एजंटाकडे रोज मारलेल्या चकरा. चोवीस वर्षं साठवलेलं सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चीक संपेपर्यंत लंकाबाईने कुरडया टाकल्या. मग हात धुतले, कुरडयांवर पातळ कापड घातलं, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि खाली गेली.

पुढचे दोन आठवडे घरात भांडण झालं नाही. तिने आदळआपट केली नाही की जेवण टाकलं नाही. गोरक्षला वेळेवर ताट मिळत होतं, कांद्याची पात आणली तर निवडली जात होती. फक्त ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती, आणि घरात काम तरी असं कितीसं असतं. दोनदा त्याने विषय काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती ऐकून घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. त्या रस्त्याला दिल्या तशा.

एक दिवस उज्वलाचा फोन आला. आईने तिला परस्पर कळवलं होतं की बाबांचं तिकीट रद्द कर आणि त्या जागी तू चल. उज्वलाला आश्चर्य वाटलं होतं. तिने विचारलं, काय झालं बाबा? गोरक्ष म्हणाला, गुडघा दुखतोय. हे खोटं बोलतानाही त्याची जीभ अडखळली नाही. सवय होती.

जायच्या दिवशी दुपारी उज्वलाची गाडी दाराशी आली. लंकाबाई नवं पातळ नेसली होती, धुतलेला स्वेटर हातात होता. तिने गोरक्षला पिठाचा डबा दाखवला, गॅस कुठून बंद करायचा ते पुन्हा सांगितलं, दुधवाल्याकडून पाच दिवस अर्धाच लिटर घ्या म्हणाली. उज्वला पिशव्या डिकीत ठेवत होती. गोरक्ष गाडीच्या दारापर्यंत आला. त्याला राहवलं नाही. तिथं जाऊन आता काय करणार, त्याने विचारलं. अडकलोच नव्हतो तर पाहायचं काय?

“रस्त्याची माफी मागनार,” लंकाबाई म्हणाली. “चोवीस वर्षं भलत्यालाच बोलले.”

ती गाडीत बसली. पदर आत ओढून घेतला. उज्वलाने गाडी सुरू केली, तेव्हा लंकाबाईने काच खाली करायला सांगितलं आणि गोरक्षकडे पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“चौथ्या दिशी डोळे उघडले व्हते त्यानं,” ती म्हणाली. “पेटीतून टकमक बघत व्हता. नर्स म्हनली, याच्या बापाला बोलवा. तुमाला कधी सांगितलं नाय मी. म्हनलं, रस्त्यात अडकून पडलेला मानूस, त्याच्या जिवाला आनखी कशाला घोर.”

तिने काच वर केली. गाडी गल्लीतून निघाली आणि हायवेला लागून ओझरकडे गेली. गोरक्ष दाराशी उभा होता. मग आत गेला आणि दिवसांचा हिशेब करत बसला. पहिल्या दिवशी संध्याकाळी निरोप, रात्रीची गाडी, तीन दिवस. हिशेब कसाही केला तरी तो चौथ्याच दिवशी नाशिकला पोचत होता.